पुढे निखारा, मागे धूर

पैज आणि अट यांत फरक असतो. पैज हरली की माणूस दोन दिवस तोंड लपवतो आणि विसरून जातो. आबांनी माझ्यापुढं ठेवली ती अट होती, आणि तीही जेवता जेवता, कळण्याच्या भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत, माझ्याकडे न बघता. मी ती जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत वाचणाऱ्याला टांगून ठेवायचा माझा स्वभाव नाही. कशी जिंकले, आणि त्या दिवशी अख्खा खांडबाऱ्याचा बाजार कसा खोकत होता, ते सांगण्यासारखं आहे.

नंदुरबारात आमचं घर आणि दुकान एकच होतं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये आबांचं वेल्डिंगचं दुकान, मागं दोन खोल्या आणि परसात माझ्या मायची चूल. सकाळी चूल पेटायची तेव्हाच पुढं ऐरण वाजायला लागायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखराच्या पासा, खिडक्यांच्या जाळ्या, काय वाटेल ते आमच्याकडे यायचं. माय मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठं मोडायला जायची. मिरचीचं गाव आमचं. हंगामात तिकडची जमीन नजर पोचेल तिथवर लाल व्हायची. माय घरी आली की तिच्या लुगड्यात, केसांत, नखांत मिरची असायची. पथारीवरची रिकामी पोती आमच्या घरात जिथं तिथं असत. पाय पुसायला पोतं, रांजणावर पोतं, खाटेखाली पोतं, पावसात डोक्यावर पोतंच. पाहुणा उंबऱ्यात आला की पहिल्यांदा शिंकायचा, मग रामराम करायचा. आम्हाला कशाचा वासच येत नसे. नाकं मरून गेली होती आमची, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दहावीनंतर मी शेडमध्ये रमले. आधी नुसतं लोखंड धरून ठेवायची, मग घासायला लागले, मग एक दिवस आबांनी होल्डर माझ्या हातात दिला. माझा हात चांगला होता. उगाच लाजून काय सांगू, आबांपेक्षा चांगला होता. माझा टाका सरळ जायचा आणि पातळ पत्र्याला भोक पडायचं नाही. पण काळ्या काचेची ढाल तोंडापुढं धरली की मागं कोण आहे हे कुणाला कळत नाही. आम्ही त्या ढालीला नुसतं काच म्हणायचो. गिऱ्हाईक लांबून ठिणग्या बघायचं आणि बाहेर खाटेवर बसायचं. काम झालं की मी आत जायची, आबा बाहेर येऊन वस्तू हातात द्यायचे आणि म्हणायचे, झालं बघा. कोणी केलं हे ते सांगत नसत आणि कोणी विचारतही नसे. मला राग यायचा. मायला म्हटलं तर ती म्हणायची, पोरीनं जोडलेली ट्रॉली कोण घेईल, तुझे आबा काय दुकान बुडवतील का?

मग आबांचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण वर्षानुवर्षं त्या उजेडाकडे बघून बघून ते इतके खराब झाले की डॉक्टरांनी होल्डर हातात धरायचा नाही म्हणून बजावलं. रोज संध्याकाळी आबा खाटेवर पडायचे आणि माय त्यांच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची. चकती गरम झाली की उलटायची. आमच्या धंद्यात हेच औषध. सुरतेजवळ उधन्याला गिरणीत असलेले माझे काका, आबांचे धाकटे भाऊ, आले की एकच पालुपद लावायचे. दुकान मोडा, मशीन विका, सुरतेला चला, सुमनला तिकडं शिवणकामाला लावू, मग तिचं लग्न करू. आबा हो म्हणत नव्हते, पण नाहीही म्हणत नव्हते. ती शेड मला हवी होती. लहानपणी कोणाला बाहुली हवी असते तशी नाही, जगायला हवी होती.

अशात एक दिवस फौजी आले. त्यांचं गाव खांडबाऱ्याजवळ, सैन्यातून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना खांडबारा स्टेशनाजवळ बाजाराच्या तोंडाशी खाण्याची जागा काढायची होती, आणि त्यासाठी एक भट्टी हवी होती. पुढं निखाऱ्यावर कोंबडी भाजता आली पाहिजे आणि मागं त्याच विस्तवाच्या धुरात मटण, मासे सुकवता आले पाहिजेत. ईशान्येकडं डोंगरात त्यांची ड्युटी होती, तिथल्या घरांत चुलीवर मांस टांगलेलं त्यांनी बघितलं होतं. ते म्हणाले, मी पहिल्यांदा त्या घरात शिरलो आणि रडूच आलं, आमच्या आईच्या चुलीवर उकाई धरणाच्या पाण्यातले मासे अस्सेच टांगलेले असायचे. बाजारात दुपारी उरलेलं मटण संध्याकाळपर्यंत नासतं आणि वीज तर कधीही जाते, तेव्हा भाजून उरेल ते धुरावर जाईल असा त्यांचा हिशेब. डोकं होतं त्या माणसाला.

आबांनी हात जोडले. डोळ्यांचं कारण सांगितलं, आणि शिवाय असली भानगड आपण कधी केली नाही म्हणाले. मी आत घासत बसले होते. तशीच बाहेर आले, हाताला काळं, तोंडाला काळं, आणि म्हटलं, काका, मी करून देते. फौजी माझ्याकडे बघून हसले नाहीत. मला तो माणूस तिथंच आवडला. त्यांनी नुसतं विचारलं, बाजाराच्या दिवशी दुकान उघडायचंय, तोवर होईल का? मी हो म्हटलं. कशी करायची हे मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं.

जेवताना आबांनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. मग म्हणाले, "कर. पन एकटीनं. मी हात लावाव नही. चालनी, त दुकान तुन्हं. नही चालनी, त मी लहानानं आयकसू." लहाना म्हणजे उधन्याचे काका. मायनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

आता आमचा नातू मोबाईलवर मला परदेशातल्या चकचकीत भट्ट्या दाखवतो. चाकं काय, झाकणावर काटा काय, तापमान सांगतो म्हणे. त्याला बार्बेक्यू म्हणतात हे मला पन्नाशीत कळलं. मी त्याला म्हणते, बाळा, हे झाकण बघ, सांधा बघ, हा एका पावसाळ्यात गंजेल. त्याला वाटतं आजी जळते. जळत नाही, मला खरंच दिसतं ते.

सुरुवात मी साधीच केली. तेलाच्या गिरणीतून शेंगदाणा तेलाचा ड्रम आणला. औषधाचे, केमिकलचे ड्रम स्वस्त मिळायचे, पण खाण्याच्या वस्तूला ते मी शिवलेसुद्धा नाहीत. ड्रम उभा केला, खाली विस्तव, मधे जाळी, वर आकडे. परसात पेटवला. जाळीवरची कोंबडी खालून कोळसा आणि वरून कच्ची, आणि आकड्यांवरच्या माशांवर एवढी काजळी की मायनं ते मांजरापुढं टाकले आणि मांजरानंही नाक फिरवलं. एका विस्तवाकडून दोन कामं करून घ्यायची तर दोघांना वेगळी खोली द्यायला हवी, हे तेव्हा कळलं. मग दुसरा ड्रम आणला. एक आडवा, पोटात चिरलेला, तो भाजायचा. दुसरा उभा, तो धुराचा. मधे जाड पाइप. आता धूर पाइपातून मागं जाईल अशी माझी समजूत. तो कसला जातो! तो सगळा पुढूनच बाहेर, माझ्या तोंडावर. पाइप जाड केला, बारीक केला, वाकवला. आबा खाटेवर बसून बघत होते. अट म्हणजे अट. त्यांचं बोटसुद्धा हललं नाही. मला तेव्हा वाटायचं, या माणसाला मी हरायलाच हवी आहे.

उत्तर मला तापीकाठी मिळालं. माझी मावशी शहाद्याकडच्या एका गावात राहायची, आजूबाजूला गुजर शेतकऱ्यांचे ऊस आणि केळी. तिच्या शेजाऱ्यांचं गुऱ्हाळ चालू होतं. मी लहानपणापासून तिथं जात होते, पण काकवी प्यायला. या वेळी मी कढईकडे बघितलंच नाही, चुलाणाकडे बघत बसले. चुलाणाचं तोंड खाली जमिनीत, जाळ त्या तोंडाशी, आणि धुराडं पार लांब, पलीकडच्या टोकाला, उंच. जाळाला वर जायची वाट लांब ठेवली होती म्हणून तो कढईखालून धावत जात होता. त्याला कोणी ढकलत नव्हतं, धुराडं त्याला ओढत होतं. आणि चुलाणाला चीर पडली की जाळ घालणारा जळव्या राख कालवलेल्या मातीचा गोळा घेऊन ती लिंपायचा, दोन मिनिटांत. मावशी म्हणाली, काय गं, गूळ नको का तुला? मी म्हटलं, मला घरी जायचंय.

घरी आल्यावर सगळं उलगडलं. आडवा ड्रम खाली घेतला, अगदी गुडघ्याएवढा. उभा ड्रम विटांच्या ओट्यावर चढवला. पाइप तिरका, चढता. धुराडं उभ्या ड्रमच्या वरच्या टोकाला, पाइपाच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला, मी उभी राहिले तर माझ्या डोक्यावर जाईल इतकं. आडव्या ड्रममध्ये मधोमध एक पत्रा उभा केला. पत्र्याच्या अलीकडं बाभळीचे निखारे आणि वर जाळी, उघडी, भाजायला. पलीकडं त्यातलेच थोडे निखारे, त्यांवर धुरासाठी दाणे काढलेली मक्याची कणसं, आणि वर घट्ट झाकण. धुराड्यात एक झडप बसवली, ती फिरवली की धूर कमीजास्त. पहिल्यांदा पेटवलं तेव्हा धूर क्षणभर घुटमळला आणि मग मागं वळला. सरळ पाइपात शिरला. धुराड्यातून निळसर, पातळ असा वर निघाला. मी परसात एकटीच नाचले. माय चुलीपाशी बसून हसत होती. त्या दिवशी आम्ही निखाऱ्यावर वांगी भाजली, भरीत केलं, आणि उभ्या ड्रममध्ये चार मासे टांगले. आबांनी मासा खाल्ला, बोटं चाटली, आणि उठून गेले.

एकच गोष्ट राहिली होती. उभ्या ड्रमच्या पोटाला मी दार कापलं होतं, आत मांस टांगायला. बिजागऱ्या जोडताना तो पत्रा तापून किंचित पिळला. दार बसायचं, पण वरच्या कोपऱ्यात फट राहायची आणि तिथून धूर गळायचा. मला त्याची काळजी नव्हती. मांस टांगून दार लावल्यावर राखेच्या मातीनं लिंपायचं, गुऱ्हाळात लिंपतात तसं, की झालं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण विचारलंच नव्हतं कोणी.

बाजाराच्या दिवशी भट्टी फौजींच्या भावाच्या ट्रॅक्टरमधून गेली. ट्रॉलीत ड्रमला पोचे पडू नयेत म्हणून खाली आमच्या घरची पोती अंथरली होती. आम्ही तिघं आणि काका पॅसेंजरनं गेलो. काका मुद्दाम आदल्या दिवशीच उधन्याहून आले होते, पोरीचा उद्योग बघायला. गाडीत ते आबांना सुरतेची खोली कशी हवेशीर आहे ते सांगत होते आणि आबा खिडकीबाहेर बघत होते.

खांडबाऱ्याचा बाजार भरला की स्टेशनापासून माणसं सुरू होतात. मोहाची फुलं, सुके बोंबील, कोंबड्या, बांगड्या, बी-बियाणं, सगळं जमिनीवर. फौजींनी नवी कनात बांधली होती. मी भट्टी जागेवर बसवली, निखारे केले, फौजींनी जाळीवर कोंबड्या टाकल्या आणि मागच्या ड्रममध्ये मटणाच्या लांब फोडी आणि मासे टांगले. पुढं वास सुटला तशी माणसं जमायला लागली. मागच्या कोपऱ्यातून धूर गळत होता, तो गळणारच होता. मी फौजींना म्हटलं, आलेच, आणि घमेलं घेऊन मातीला आणि पाण्याला हातपंपाकडे गेले. पंपावर बायकांची रांग होती. थोडा वेळ लागला.

परत येते तर कनात रिकामी. माणसं तोंडाला पदर, उपरणं, टोप्या लावून पळत होती. कोणी खोकत होतं, कोणाच्या डोळ्यांतून धारा. बांगडीवालीनं गाठोडं उचललं होतं. बांधलेल्या शेळ्यासुद्धा शिंकत होत्या. फौजींनी तोंडाला रुमाल बांधला होता आणि ते जागचे हलले नव्हते. म्हणाले, ट्रेनिंगमध्ये असाच गॅस सोडायचे, बेटी. काका लांब उभे राहून खोकत खोकत आबांना काहीतरी सांगत होते, आणि काय सांगत असतील ते मला ऐकू न येताही कळत होतं. मी भट्टीभोवती फिरले. निखारे ठीक, झडप ठीक, धुराडं ओढत होतं. मला काहीच कळेना. इतकी घाबरलेली मी त्याआधी नव्हते आणि त्यानंतरही नाही.

गंमत अशी की आम्ही घरचे जवळजवळ खोकतच नव्हतो. मग माय पुढं आली, नाक वर केलं, जरा हुंगलं, आणि म्हणाली, "हाई आपलीच मिरची शे."

मी भट्टीच्या मागं धावले. दाराच्या वरच्या कोपऱ्यावर, बरोब्बर फटीवर, एक पोतं घडी करून दाबून बसवलं होतं. ओलं केलेलं असणार, पण तापलेल्या पत्र्यावर ते सुकलं होतं आणि करपायला लागलं होतं. हंगामातलं ताजं पोतं. त्याच्या विणीत भरलेली मिरचीची पूड पत्र्यावर भाजली जात होती. मी ते उपसलं, जमिनीवर टाकलं, वर घमेल्यातली ओली माती ओतली. उरलेल्या मातीत राख कालवली आणि फट लिंपली. हात भाजला, त्याचा डाग अजून आहे. मग झडप पूर्ण उघडली. थोड्या वेळानं वारं आलं आणि बाजार श्वास घ्यायला लागला.

माणसं हळूहळू परतली. काहींनी फौजींना शिव्या घातल्या, पण कोंबडी तर खायची होतीच. काका आता मोठ्यानं बोलायला लागले. पोरीच्या हट्टापायी माणसं मेली असती म्हणाले, पोतं कुठं लावायचं एवढंही तिला कळू नये का, दादा, आता तरी आटपा. मी तोंड उघडणार होते. पोतं मी लावलं नव्हतं, आणि कोणी लावलं ते मला माहीत नव्हतं. तेवढ्यात आबा मधे आले.

"पोतं मी ठेवं," आबा म्हणाले. काकांना नाही, तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना. "ट्रॉलीमातलं लिधं, वलं करं, चोरीसन ठेवं. धूर गळी ऱ्हायंता. मन्हाघाई देखायनं नही. भट्टीमा काही नाट नही. आखी भट्टी मन्ही आंडेरनी करेल शे."

सगळी भट्टी माझ्या लेकीनं केली, असं आबा चारचौघांत म्हणाले! मला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी इतका संताप आला की काय सांगू. इतके दिवस बोट न हलवणारा माणूस, आणि हलवलं ते नेमकं तेव्हा! डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण फट दिसली होती. याला मी हरायला हवी आहे असं मी समजत होते. तो माझ्यासाठी चोरी करत होता. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नजर चुकवली आणि फौजींना पाणी मागितलं. काका स्टेशनाकडे निघाले.

उन्हं कलली तेव्हा फौजींनी दार उघडलं. पोतं बाहेरच्या बाजूला होतं, आतल्या मांसाला मिरचीचा गंधही नव्हता. मटणाच्या फोडी तांबूस, चकचकीत, मासे कडक आणि सोनेरी. फौजींनी पहिला मासा आपल्या आईला नेऊन दिला. म्हातारी कनातीच्या कोपऱ्यात बसली होती. तिनं तो मोडला, खाल्ला, आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. फौजींनी मला सांगितलं, आई म्हणते, घरचा आहे. माझ्यासाठी निकाल तिथंच लागला. फौजींची ती भट्टी पुढं कितीतरी वर्षं चालली. मधे एकदा जाळी बदलायला आली तेव्हा मी दाराचा पत्राही सरळ करून दिला.

परतीच्या गाडीत आबा आणि मी समोरासमोर बसलो. अटीचं कोणीच काढलं नाही. मी काढणार नव्हते, आणि आबांच्या मनात काय होतं ते कधीच बाहेरून दिसत नसे. मायनं पुडक्यातला मासा काढला आणि आम्ही तो वाटून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये एका वखराची पास जोडत होते. आबा बाहेर खाटेवर आडवे, कालच्या धुरामुळं सकाळीच डोळ्यांवर चकत्या. मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. कोणी शेतकरी होता, त्याच्या ट्रॉलीचा हूक तुटला होता. त्यानं रामराम केला आणि मिस्तरी कुठं आहेत म्हणून विचारलं. मी हात थांबवला. माझ्या तोंडापुढं काच होती. आता आबा उठतील, चकत्या काढतील, सांगा काय काम आहे म्हणतील, हे मला पाठ होतं.

आबा उठले नाहीत. चकत्यांना हातही लावला नाही.

"मिस्तरी मझार शे," आत शेडकडे बोट करून ते म्हणाले. "जाय, तिले दखाड."

मी काच खाली ठेवली आणि बाहेर आले.